मुलं कोणाला सांगतात

इंटरनेटवर काही वाईट घडलं तर तुम्ही घरी का सांगत नाही, असं मुलांना विचारलं तर उत्तर द्यायला त्यांना वेळ लागत नाही. "मोबाइल काढून घेतील." मार बसेल, बोलणी खावी लागतील, बाबा चिडतील, हे सगळं नंतर येतं. पहिलं उत्तर हेच.

मी नववीची वर्गशिक्षिका आहे आणि माझी मुलगी यंदा दहावीत आहे. त्यामुळे हा विषय शाळेत सुटला तर घरी गाठतो. किती तास, कोणतं ॲप, कोणत्या वयापासून यावर आम्ही शिक्षक आणि पालक तावातावाने वाद घालतो. माझं मत आता पक्कं झालं आहे की हे सगळे प्रश्न दुय्यम आहेत. अडचणीत सापडलेलं मूल आपल्याकडे येईल की नाही, हा पहिला प्रश्न. आणि काहीही झालं की फोन जप्त करायचा ही आपली सवय नेमकी तीच वाट बुजवून टाकते.

हे मत चिठ्ठ्या वाचून झालं. वर्गात मी कोरे कागद वाटले आणि दोन प्रश्न फळ्यावर लिहिले. नेटवर अलीकडे कशाची भीती वाटली? ते कोणाला सांगितलं? नाव लिहायचं नाही. मुलं एक हात आडवा धरून लिहीत होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून काहींनी डाव्या हाताने लिहिलं होतं. ती वेडीवाकडी अक्षरं पाहूनच मला कळलं की या प्रश्नाचं ओझं मुलांना किती वाटतंय.

पहिल्या प्रश्नाची उत्तरं अशी होती: अनोळखी माणसाने पाठवलेला घाणेरडा व्हिडिओ. वर्गाच्या ग्रुपवर माझ्या फोटोचं केलेलं स्टिकर. गेममधल्या मित्राने मागितलेला घरचा पत्ता. "माझा चेहरा दुसऱ्याच अंगाला लावला होता." एकीने फक्त "एक जण" एवढंच लिहून खाली रेघ मारली होती. दुसऱ्या प्रश्नाखाली बहुतेकांनी "कोणालाच नाही" असं लिहिलं होतं. उरलेल्यांत मैत्रीण, मावसभाऊ, क्लासचा दादा, "ताईला, पण तिला शपथ घातली". आई-बाबा फारच थोड्या चिठ्ठ्यांत होते. शिक्षक एकाही चिठ्ठीत नव्हते.

चिठ्ठ्या वेगवेगळ्या करून ठेवताना माझ्या लक्षात आलं, की ते थोडे आई-बाबा सोडले, तर मुलांनी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यापैकी कोणालाही फोन काढून घेण्याचा अधिकार नव्हता. मुलं माणूस निवडताना हेच बघतात. पण ज्याला तो अधिकार नसतो, त्याच्या हातात मदत करण्यासारखंही फारसं काही नसतं. चौदा वर्षांची मैत्रीण पोलिसांकडे जाऊ शकत नाही, मुख्याध्यापकांशी बोलू शकत नाही. ती गुपित सांभाळते, आणि मग तिचीही झोप उडते.

माझ्या वर्गातल्या एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तो मधल्या सुट्टीत बाकावरून उठेनासा झाला होता. दप्तर मांडीवर, हात दप्तराच्या आत. शाळेत फोनला बंदी, म्हणून तो आतल्या आत स्क्रीन बघत असायचा. खेळायला बोलावलं तर म्हणायचा, "पोटात दुखतंय, बाई." मग एका संध्याकाळी त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मावसबहिणीचा मला फोन आला. "त्याने मला शपथ घातलीय, पण मला आता भीती वाटतेय."

एका मुलीच्या नावाच्या अकाउंटने त्याला इन्स्टाग्रामवर फॉलो केलं होतं. त्याचे काही मित्र आधीच तिच्या यादीत होते, म्हणून ती ओळखीतली वाटली. थोडे दिवस साध्या गप्पा झाल्या. मग ती म्हणाली, दुसऱ्या ॲपवर ये. तिने आधी फोटो पाठवला, मग त्याचा मागितला. त्याने पाठवल्याबरोबर भाषा बदलली. त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचे स्क्रीनशॉट येऊ लागले. त्यात त्याची आत्या होती, क्लासचे सर होते, वर्गातल्या मुली होत्या. पैसे पाठव, नाहीतर या सगळ्यांना जाईल. आणि शेवटी: "घरी सांगितलंस तर पहिला तुझ्या बाबांना पाठवीन."

या प्रकाराला सेक्स्टॉर्शन म्हणतात. अमेरिकेतल्या एफबीआय या तपास संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये पालकांना जाहीर इशारा दिला, तेव्हा मागच्या वर्षभरात किमान ३,००० अल्पवयीन मुलं याला बळी पडल्याचं सांगितलं होतं. त्यांत बहुतेक मुलगे होते, आणि डझनाहून जास्त मुलांनी आत्महत्या केली होती. जुलै २०२४ मध्ये इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने या धंद्यातली नायजेरियातली सुमारे ६३ हजार इन्स्टाग्राम अकाउंट्स काढून टाकली. म्हणजे पलीकडे एखादी चुकार व्यक्ती बसलेली नसते. संवाद आधीच लिहून ठेवलेले असतात, घाई कशी लावायची हे ठरलेलं असतं, आणि 'घरी सांगू नकोस' हे वाक्य त्यात असतंच. मूल घरी बोललं तर आपला सगळा डाव फसतो, हे त्यांना पुरतं माहीत असतं. फोटोपेक्षा मुलाच्या मनातली घरच्यांची भीती त्यांच्या जास्त कामाची असते. मला याचा फार राग येतो. आपण घरात, वर्गात ज्या धाकाचं कौतुक करतो, त्याच धाकावर ही माणसं पैसा कमावतात.

मी त्याच्या आई-बाबांना शाळेत बोलावलं आणि मुलाला आत घेण्याआधी बराच वेळ त्या दोघांशीच बोलले. बाबांचं पहिलं वाक्य होतं, "आधी तो फोन फोडतो." फोन फोडला असता तर पुरावाही त्याच्याबरोबर गेला असता. पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करायचं नाही. समोरच्याचं युजरनेम, पैसे मागितलेल्या खात्याचा तपशील, धमक्या, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. मग अकाउंट रिपोर्ट करायचं, ब्लॉक करायचं, आणि सायबर पोलिसांकडे जायचं. हे सगळं करायला तोच फोन हातात लागतो आणि शेजारी तेच मूल लागतं. ते मूल आपल्याशी बोलत असलं पाहिजे.

असा फोटो नेटवर पसरू नये म्हणून अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 'टेक इट डाऊन' नावाची एक मोफत सेवा आहे. ती अमेरिकेतली नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन ही संस्था चालवते, पण कुठल्याही देशातल्या मुलाला वापरता येते. फोटो कोणाकडे पाठवावा लागत नाही. मुलाच्या स्वतःच्याच फोनवर त्या फोटोचा डिजिटल ठसा तयार होतो, म्हणजे आकडे आणि अक्षरांची एक लांब ओळ. फक्त ती ओळ सहभागी कंपन्यांकडे जाते, आणि कोणी तोच फोटो चढवला तर त्यांना तो ओळखून काढता येतो. नावही द्यावं लागत नाही. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये, म्हणजे ज्यातलं कंपनीलाही बघता येत नाही अशा चॅटमध्ये, मात्र याचा उपयोग होत नाही, तेही मुलाला आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. त्या मुलाला सगळ्यात जास्त धास्ती होती ती आता तो फोटो आम्हा सगळ्यांना बघावा लागेल याची. "बाई, म्हणजे तुम्ही नाही ना बघणार?" हे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. नाही बघणार, कोणीच नाही बघणार, हे पटल्यावर तो खुर्चीत नीट टेकून बसला. पुढे आणखी काही नव्या अकाउंटवरून धमक्या आल्या, उत्तर मिळेना तशा थांबल्या.

आता घरोघरी काय चालतं ते पाहते. पालक सभेत मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते नजर ठेवणाऱ्या ॲपबद्दल. मूल कुठे आहे, काय टाइप करतंय, सगळं आपल्या फोनवर दिसतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी, त्याला सांगून, ठरावीक गोष्टींपुरतं हे ठीक आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या फोनवर चोरून असं ॲप टाकणाऱ्या पालकांना माझं सांगणं आहे, की ते त्याला कळतं. लवकरच कळतं. मग त्या फोनवर तो फक्त तुम्हाला दिसावं तेवढंच करतो. बाकीचं मित्राच्या जुन्या फोनवर, दुसऱ्या नावाच्या अकाउंटवर. कॅल्क्युलेटरसारखी दिसणारी ॲप्स असतात. त्यात ठरावीक आकडे दाबले की आत लपवलेले फोटो उघडतात. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांना ती माहीत होती.

जप्तीचा आणखी एक परिणाम मोठ्यांच्या गावीही नसतो. स्नॅपचॅटवर दोघांनी एकमेकांना रोज स्नॅप, म्हणजे फोटो किंवा व्हिडिओ, पाठवला की नावापुढे आगीचं चिन्ह आणि दिवसांचा आकडा येतो. २४ तासांत दोघांपैकी एकाचा जरी चुकला तरी ती स्ट्रीक तुटते. परीक्षेपुरता फोन जप्त झालेली मुलगी मग काय करते? मैत्रिणीला पासवर्ड देते. "माझ्या स्ट्रीक्स सांभाळ." नववीतल्या मैत्र्या किती टिकतात हे आपल्याला माहीत आहे. मैत्री तुटल्यावर तोच पासवर्ड वापरून दुसऱ्या मुलांना काय काय पाठवलं गेलं, ते निस्तरायला मला आणि दोन्ही आयांना फार त्रास झाला. ज्या घरात सुरक्षिततेसाठी फोन कपाटात ठेवला, त्याच घरातल्या मुलीचं अकाउंट तेव्हा दुसऱ्याच्या हातात होतं.

आम्हा शिक्षकांबद्दलही लिहायला हवं. शिकवताना वर्गात फोन नको, हे मला पूर्ण मान्य आहे. फ्रान्सने तर २०१८ मध्ये पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शाळेत फोन वापरायला कायद्यानेच बंदी घातली. पण फोन ठेवून घेणं वेगळं आणि तो उघडणं वेगळं. मी पूर्वी शिकवत होते त्या एका शाळेत एका मुलीचा फोन तासाला सापडला. शिक्षकांनी तिला लॉक उघडायला लावलं आणि एका मुलाबरोबरच्या चॅटमधल्या ओळी वर्गासमोर मोठ्याने वाचून दाखवल्या. वर्ग हसला. ती बाकावर डोकं टेकून तास संपेपर्यंत तशीच राहिली, आणि पुढे कित्येक दिवस शाळेत आली नाही. त्या दिवशी इतर मुलंही बघत होती. शिक्षकांच्या हाती आपलं काही लागलं तर त्याचं काय होतं, हे त्यांनी एका तासात शिकून घेतलं. त्या चिठ्ठ्यांमध्ये 'शिक्षक' हे उत्तर का नव्हतं, याचं मला नवल वाटलं नाही ते यामुळेच.

सरकारं आपापल्या परीने कायदे करताहेत. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद केले, आणि २०२१ मध्ये तो कायदा रद्द करायचं ठरवलं. मुलं आई-वडिलांचे ओळख क्रमांक वापरत होती, शिवाय सगळे मोबाइल गेमवर गेले होते. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर अकाउंट ठेवता येत नाही; नियम मोडला तर दंड कंपनीला होतो, मुलाला किंवा पालकांना नाही. हा भाग मला योग्य वाटतो. न संपणारं स्क्रोल, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, स्ट्रीकचा आकडा, हे मुलांनी बनवलेलं नाही. ज्यांनी बनवलं त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण कायदा कितीही कडक झाला तरी रात्री अकरा वाजता एखादं मूल धमकी वाचत बसलेलं असेल, आणि शेजारच्या खोलीत आई असेल. तिथे कायदा पोचत नाही.

वयाच्या अटीबद्दल एक गोष्ट पालकांनी आजच बघावी. बहुतेक ॲप्सवर जी तेरा वर्षांची अट दिसते, ती अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यातून आली. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही, एवढंच तो सांगतो. मुलाच्या मनाची तयारी झाली आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही. मुलं दहा-अकराव्या वर्षी जन्मसाल खोटं टाकतात आणि अकाउंट उघडतात. पुढे अडचण अशी होते, की मूल पंधराचं झालं तरी कंपनीच्या लेखी ते पंचवीस वर्षांचं असतं. सप्टेंबर २०२४ पासून इन्स्टाग्रामने किशोरांची अकाउंट्स आपोआप खासगी ठेवायला, अनोळखी माणसांचे मेसेज अडवायला आणि रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद ठेवायला सुरुवात केली. हे संरक्षण 'पंचवीस वर्षांच्या' पंधरा वर्षांच्या मुलाला आपोआप मिळेलच असं नाही. माझ्या मुलीच्या अकाउंटवर असंच एक जुनं जन्मसाल होतं. आम्ही दोघींनी शेजारी बसून ते बदललं. खोटं का टाकलंस, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. वर्गातल्या सगळ्यांनीच तसं टाकलं होतं, हे मला ठाऊक होतं.

तासांबद्दल थोडक्यात लिहिते. २०१९ मध्ये ॲमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरांची माहिती तपासली. तंत्रज्ञानाचा वापर जास्त तिथे मनाचं स्वास्थ्य थोडं कमी, असा संबंध निघाला खरा, पण मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्याचा जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग त्याने उलगडत होता. काहीच बिघडत नाही, असा याचा अर्थ मी घेत नाही. सरासरीत तो दप्तरात हात घालून बसलेला मुलगा दिसत नाही. पण घड्याळ लावून सगळं सुटेल, हा विश्वासही मला नाही. झोपेच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला. माझाही.

गेल्या पालक सभेत मी नेहमीचं भाषण न करता प्रत्येकाला एक कागद दिला. मुलांकडून हमीपत्रं आपण नेहमीच लिहून घेतो, या वेळी पालकांनी स्वतःच्या अक्षरात लिहायचं होतं: "नेटवर तुझ्या बाबतीत काहीही घडलं, त्यात तुझी चूक असली तरी, तू मला सांगितलंस म्हणून मी तुझा फोन काढून घेणार नाही." पेन हातात धरून बरेच जण थांबले. एक वडील उठून म्हणाले, "म्हणजे मुलांना मोकळं रानच की." त्यांना मी म्हटलं, नियम मोडलेला तुम्ही पकडलात तर जी शिक्षा ठरली असेल ती द्या. पण स्वतःहून येऊन सांगितलेल्या गोष्टीची शिक्षा नाही. ते म्हणाले, मुलं याचा फायदा घेतील. काही घेतीलही. मला तो तोटा परवडणारा वाटतो, त्यांना नाही. त्यांनी कागद कोराच घडी करून खिशात ठेवला. एक आई मात्र सभा संपल्यावर मागे थांबली. "मला राग आवरतच नाही. मी लिहून देईन आणि त्याच दिवशी मोडेन." तिने आणि तिच्या मुलाने मग आपली एक पद्धत ठरवली: त्याने लिहून ठेवायचं, तिने वाचायचं, आणि तासाभराने बोलायचं.

मुलं वचन तपासून पाहतात. माझ्या मुलीने आधी अगदी किरकोळ गोष्ट सांगितली: कुठल्याशा क्विझच्या नादात तिने एका वेबसाइटला माझा नंबर दिला होता. सांगताना ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढंच मी म्हटलं आणि आम्ही नको ते मेसेज ब्लॉक केले. पुढच्या आठवड्यात ती रात्री माझ्या खोलीत आली आणि दुसऱ्या शाळेतल्या एका मुलाचे मेसेज मला दाखवले. तो तिच्याकडे फोटो मागत होता. नाही म्हटल्यावर तिच्या मैत्रिणीचं नाव घेऊन टोमणे मारत होता. "तिने पाठवला, तुला काय होतंय?" मैत्रिणीने खरंच पाठवला होता, आणि ती कोणालाच सांगत नव्हती. त्या रात्री आम्ही फार वेळ बोललो, जास्त करून त्या मैत्रिणीबद्दलच. तिच्या आईला सांगायचं का, कोणी सांगायचं, तिच्या घरी आधी काय होईल? माझ्या मुलीचा पहिला प्रश्न होता, "तिचा फोन घेतील का गं?"

आम्ही दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीलाच विचारलं. आईला सांगायला ती तयार झाली, मी सोबत असेन या अटीवर. तिच्या आईला मी दारातच बाजूला घेऊन पालक सभेतलं ते एक वाक्य आधी सांगितलं, आणि तिने ते पाळलं.

शाळेत मी दोन मागण्या लेखी दिल्या आहेत. ठेवून घेतलेला फोन कोणत्याही शिक्षकाने उघडायचा नाही, ही पहिली. ती मुख्याध्यापकांनी मान्य केली आणि सूचनावहीत तशी नोंद झाली. स्वतःहून तक्रार घेऊन आलेल्या मुलाकडे शाळेत फोन होता म्हणून त्याच्यावर कारवाई करायची नाही, ही दुसरी. त्यावर शिक्षकांत अजून एकमत नाही. शिस्त राहणार नाही, असं काहींचं म्हणणं आहे. पुढच्या बैठकीत मी त्या चिठ्ठ्या घेऊन जाणार आहे.